यावल ते धुळे : एका चेलोच्या प्रवासाबाबत खुलासा

अर्जदार : प्रल्हाद तोताराम, वय त्रेपन्न, धंदा अर्जलेखन, बैठक तहसील कचेरीसमोरच्या निंबाखाली, यावल.
ज्यांच्या वतीने : दगडूनाना सुतार, वय सत्तरीच्या आसपास, मूळचे शिरपूरकडचे, हल्ली राहणार यावल.
सामनेवाला : नाव मजकुराच्या ओघात येईल.
घटनेचे दिवस : गेल्या पौषातील एक शनिवार व त्यास लागून आलेला रविवार.
साक्षीदार : (एक) रेवतीताई, चेलोवादक, नाशिक. (दोन) राज्य परिवहनचे एक वाहक, ज्यांचे नाव विचारण्याचे राहून गेले. (तीन) धुळ्याच्या सभागृहाचे रखवालदार.

वरील प्रवासाहून परतल्यापासून निंबाखाली येणारा प्रत्येक जण मला विचारतो की, तिकडे नेमके काय झाले. जे गेले नाहीत त्यांच्या माहितीसाठी हे निवेदन सविस्तर करीत आहे. ते करताना एक गोष्ट आधीच नमूद करतो. मी नववीपर्यंत शिकलेला असलो तरी कोणत्याही प्रकरणाचा सारांश एका परिच्छेदात बसवण्याबद्दल तालुक्यात माझे नाव आहे. या प्रकरणाचा सारांश मात्र मला अद्याप सापडलेला नाही.

चेलो हे चार तारांचे विलायती वाद्य आहे. उभे केले तर माणसाच्या छातीशी लागते. वाजवणारा खुर्चीवर बसून ते दोन गुडघ्यांमध्ये धरतो आणि गजाने वाजवतो. खाली एक लोखंडी दांडी असते, तिचे टोक जमिनीत रोवून वाद्य स्थिर होते. यावलमध्ये हे वाद्य एकच आहे व ते दगडूनानांकडे आहे. तीस वर्षांपूर्वी नाना शिरपूरकडच्या एका शाळेत बाक दुरुस्त करायला गेले होते. तिथल्या अडगळीत हे मान मोडलेल्या स्थितीत पडले होते. नानांनी ते मागून आणले, सागाची नवी मान बसवली आणि सोमवारच्या भजनात वाजवू लागले. त्यांना कोणी शिकवले नाही. भजनी मंडळी त्याला मोठी सारंगी म्हणतात.

पौषात आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर एक सूचना लागली. पुण्याचे एक चेलोवादक लहान शहरांतून कार्यक्रम करीत फिरत होते. शनिवारी जळगाव, रविवारी धुळे. धुळ्यास श्रोत्यांपैकी जे स्वतः वादक असतील त्यांनी आपापली वाद्ये आणावीत, शेवटी सर्व मिळून वाजवतील, असे त्यात होते. नाना ती सूचना फळ्यावरून काढून थेट माझ्या टेबलावर घेऊन आले.

"वाच," म्हणाले. मी वाचली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

"पऱ्हाद, तीस वरीस मी एकलाच वाजाडस," ते म्हणाले. "बरोबर शे का चुकीचं शे, सांगाले कोनी नही. तू चाल मनासंगे. तुले बोलता येस."

मला बोलता येते या कारणासाठी मी गेलो, याची नोंद घ्यावी.

शनिवार. यावल ते जळगाव

नानांनी चेलो दोन गोधड्यांत गुंडाळून सुतळीने बांधला होता. वाहकाने दारातच अडवले.

"भाऊ, मयत तर नाही ना?"

"वाद्य आहे," मी म्हणालो.

"बसणार का झोपणार?"

मी त्यांना सामानाविषयीचा नियम तोंडपाठ सांगू लागलो. त्यांनी तो शांतपणे ऐकला व म्हणाले, "अर्जलेखकसाहेब, उतरल्यावर अर्ज करा. आता पुढे सरका." मग स्वतःच चेलो उचलून आमदारांसाठी राखीव असलेल्या आसनावर, खिडकीकडे तोंड करून, नीट बसवला. "आमदारसाहेब काही आज येत नाहीत," म्हणाले. भुसावळपर्यंत चढणाऱ्या प्रत्येकाने त्या गोधडीकडे पाहिले. एका बाईने तिला नमस्कारही केला. तो कोणाला केला याचा उलगडा झाला नाही.

बाहेर केळीच्या बागा थंडीने आकसल्यासारख्या उभ्या होत्या. घडांवर पिशव्या चढवलेल्या. तापीच्या पुलावर बस आली तेव्हा नानांनी हात लांबवून चेलोच्या पोटावर तळवा टेकवला. पूल संपेपर्यंत ठेवला. मी कारण विचारले. "पूलना खडखडाट त्याले सोसस नही," म्हणाले.

जळगावी आधी जेवलो. बामणोदच्या वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. नानांनी भाकरी उजव्या हातानेच खाल्ली, डाव्या हाताची बोटे कोरडी ठेवली. चेलो नानांच्या मेहुण्याच्या घरी ठेवला, कारण त्या दिवशी तो लागणार नव्हता, आणि पाच वाजता सभागृहावर गेलो.

दारात एका टेबलाशी रेवतीताई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्या स्वतः चेलो वाजवतात आणि या फिरत्या कार्यक्रमाची सर्व व्यवस्था त्याच पाहतात. त्यांच्यासमोर दोन्ही दिवसांच्या नावनोंदणीचे छापील कागद होते. नाव, गाव, आणि त्याखाली दोन शब्द : वादक, श्रोता. कंसात सूचना होती की जो लागू नसेल तो खोडावा.

नानांनी चष्मा आणला नव्हता. कागद मी भरला. सव्वीस वर्षे हा माझा धंदा आहे. या धंद्याचा पहिला नियम असा की, ज्याचा पुरावा जवळ नाही तो दावा कागदावर करू नये. एका जादा शब्दापायी चांगली चांगली प्रकरणे फेटाळली गेलेली मी पाहिली आहेत. नानांकडे कोणाचे प्रमाणपत्र नव्हते, गुरूचे नाव नव्हते. मी 'वादक' हा शब्द एका सरळ रेघेने खोडला, 'श्रोता' ठेवला, आणि नानांना सहीची जागा दाखवली. त्यांनी सही केली.

सभागृहात मी समोरच्या रांगेत मध्यभागी बसलो. त्या जागेचा मान असतो. थोड्या वेळाने पाहतो तर समोर मी आणि नाना दोघेच. बाहेरगावाहून आलेले वादक सगळे उजव्या कोपऱ्यात दाटीने बसले होते, जिथून मंचाचा अर्धा भागच दिसतो. तेरा जण असावेत. नाशिकचे, इंदूरचे, एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त शिक्षिका. हे लोक आपसांत ओळखीचे होते, पण बोलत जवळजवळ नव्हते. एकमेकांची डावी बोटे हातात घेऊन टोके दाबून पाहत होते, जशी आपल्याकडे बैलाची खुरे पाहतात.

पुण्याचे वादक आले, बसले आणि वाजवू लागले. तबला नाही, पेटी नाही, माइक नाही. आवाज कसा होता हे लिहिणे माझ्या अधिकारकक्षेबाहेरचे वाटते. एखाद्या वजनदार माणसाने जेवणानंतर ओट्यावर बसून स्वतःशीच काही जुने बोलावे, तसा होता. काय बोलतो ते कळत नव्हते, आणि उठून जाताही येत नव्हते.

मग माझे लक्ष उजव्या कोपऱ्याकडे गेले. त्या तेराही जणांची डावी बोटे हलत होती. कोणाची गुडघ्यावर, कोणाची शालीखाली, कोणाची दुसऱ्याच्या बाहीवर. मी बैलबाजार पाहिलेला माणूस आहे. रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा कसा होतो, हे मला ठाऊक आहे. माझी खात्री झाली की इथे काही व्यवहार चालू आहे. मी नानांना कोपराने ढोसले.

"नाना, हे लोक काही ठरवताहेत."

"त्या वाजाडी ऱ्हायनात," नाना म्हणाले. मी खाली पाहिले. नानांचीही बोटे धोतरावर हलत होती.

कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात चहा होता. मला वाटले होते की आता ते वादकाची स्तुती करतील. त्याऐवजी दातांचे डॉक्टर म्हणाले, "आज लांडगा बराच शांत होता." शिक्षिका म्हणाल्या, "माझा थंडीत फार उठतो." सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने असे बोलणे ऐकून गप्प राहणे योग्य नव्हे. मी विचारले की, हा लांडगा कोणत्या गावच्या शिवारात आहे.

ते हसले, पण रेवतीताईंनी नीट समजावून सांगितले. प्रत्येक चेलोत एक स्वर असा असतो की तो लागला की वाद्य घुरघुरते, थरथरते, ऐकत नाही. त्याला ते लांडगा म्हणतात. तो वाजवणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो, तो लाकडातच असतो. "किमती वाद्यातही असतो," त्या म्हणाल्या. "मारता येत नाही. गुडघ्याने वाद्याच्या कुशीत दाबून धरायचा, आणि पुढे जायचं."

नाना माझ्यामागे उभे होते. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

मेहुण्याच्या घरी पोचल्यावर त्यांनी गोधडी सोडली आणि चेलोकडे बराच वेळ पाहिले.

"बठ्ठासना घुरकस," म्हणाले, म्हणजे सगळ्यांचाच घुरघुरतो. "माले वाटे मनाच हात खोटा शे. तीस वरीस त्या जागाले मी बोट नही लावं. भजन तठे उनं का मी गज उचली लेवू."

"मग विचारायचे ना त्यांना," मी म्हणालो. "मी अर्ज करून देतो."

"तोंडघाई नही विचारनार. सकाय त्यासना मझार बसीसन वाजाडसू. त्या जागाले बोट ठेवसू. त्या ऐकतीन, मंग सांगतीन." तोंडाने नव्हे, उद्या त्यांच्यामध्ये बसून हातानेच विचारायचे, एवढे बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटले, माझ्या शालीला भरीत लागले असावे. मी शाल तपासली.

रविवार. जळगाव ते धुळे

एरंडोल, पारोळा, मग धुळे. रस्त्याच्या कडेला कापसाच्या गाड्या जिनिंगकडे तोंड करून उभ्या. आजचे वाहक कमी कल्पक होते. चेलो नानांनी स्वतः मांडीवर आडवा घेतला.

धुळ्याचे लोक जळगावपेक्षा मोकळे बोलतात, हे माझे जुने मत आहे. सभागृहाच्या रखवालदारांनी ते सिद्ध केले. श्रोत्यांचे सामान आपल्या टेबलाशी ठेवायचा हुकूम त्यांना होता. त्यांनी गोधडी तिथे उभी करवली आणि आत जाऊन बघतात तो वादक आपल्या दांड्यांची टोके मंचाच्या लाकडात रोवत होते.

"ओ साहेब, ही जमीन मागच्याच महिन्यात पॉलिश केलेली आहे. भोकं पाडायची नाहीत."

वादकांनी रबराच्या चकत्या काढल्या. नव्या पॉलिशवर त्या घसरू लागल्या. डॉक्टरांचा चेलो त्यांच्या गुडघ्यातून सुटून तीन हात पुढे गेला. एकाच बाईंकडे लाकडाची एक पट्टी होती, तिला मध्ये खळगा आणि खुर्चीच्या पायांना बांधायला दोरी. त्यात टोक बसते आणि जमिनीला लागत नाही. बाकीचे त्या पट्टीकडे पाहून उसासे टाकत होते.

नानांनी ती पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि पिशवीतून पटाशी काढली. ती त्यांच्या पिशवीत नेहमी असते. रखवालदारांकडे मागच्या बाजूला खोक्यांच्या फळ्या पडल्या होत्या. नानांनी दीड तासात त्या कापल्या, खळगे कोरले, सुतळी ओवली. वादक गोल करून पाहत होते. कोणी म्हणाले, "नाना, तुम्ही देवासारखे आलात." नाना म्हणाले, "भोक जरा तिरपं ठेवेल शे. दांडी तिरपी बसस ना." रेवतीताई थबकल्या. "तुम्हाला कसं माहीत?" तेवढ्यात त्यांना कोणीतरी हाक मारली.

मी तुकडे मोजले. पट्टीवाल्या बाईंची सोडली तर बारा लागणार होते. नानांनी तेरा केले होते.

मुख्य कार्यक्रम सकाळी अकरापासून साडेबारापर्यंत झाला. मग मंचावर खुर्च्या मांडल्या गेल्या आणि रेवतीताईंनी कागद हातात घेऊन नावे वाचायला सुरुवात केली. एकेक जण उठून आपली पट्टी घेऊन जात होता. नानांनी हातपाय धुऊन टोपी नीट केली होती. उरलेला तुकडा त्यांच्या हातात होता. तेरा नावे झाली. रेवतीताईंनी कागद उलटला, दुमडला आणि खाली आल्या.

"नाना, एक जास्तीचा झाला वाटतं."

नानांनी माझ्याकडे पाहिले. रेवतीताईंनीही पाहिले, कारण नाना पाहत होते.

या क्षणी मी काय केले, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. मी काहीच केले नाही. मला एवढेच म्हणायचे होते की, ताई, कागद माझ्या हातून चुकला आहे. माझ्या धंद्यात सहीखालचा मजकूर तोंडी बदलत नाहीत, हे खरे आहे. तिथे शंभरेक लोक होते, व मी त्यांच्यासमोर पहिल्या रांगेत मध्यभागी बसलो होतो, हेही खरे आहे. यांतले कारण कोणते आणि सबब कोणती, हे मी त्या दिवसापासून ठरवू पाहतो आहे.

"ऱ्हाऊ द्या ताई," नाना म्हणाले. "लागी कधी तरी." आणि माझ्या शेजारी बसले.

तेरा जण वाजवू लागले. संथ काहीतरी होते. एकाने सुरू करावे, दुसऱ्याने तेच खालून उचलावे, असे. सभागृहाच्या भिंतींनी आपल्याला पोटात घेतल्यासारखे वाटत होते. नानांना ती चाल ठाऊक असणे शक्य नव्हते. पण थोड्या वेळाने त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि त्यांची बोटे माझ्या हातावर वर-खाली जाऊ लागली. आधी चाचपडत, मग त्या तेरा जणांच्या बरोबरीने. बोटांची टोके पटाशीच्या मुठीसारखी टणक होती. मधेच एके ठिकाणी त्यांनी बोट इतके दाबले की मला कळ आली, आणि त्याच वेळी त्यांचा गुडघा माझ्या मांडीत रुतला. तिथे सोडले नाही. तसेच दाबून पुढे गेले.

घरी येऊन पाहिले तर हातावर चार ओळी उमटलेल्या होत्या. दोन दिवस होत्या.

दुपारी सर्वांना एका खाणावळीत शेवभाजी होती. तिखटाने नाशिककरांची नाके वाहत होती आणि ते आनंदात होते. बाहेर त्यांची गाडी सुरू करून ठेवलेली. रेवतीताई नानांचा निरोप घ्यायला आल्या, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि डावा हात उलटून पाहिला.

"सुताराच्या तळव्याला घट्टे असतात," त्या म्हणाल्या. "हे बोटांच्या टोकांवर कशाचे?"

माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढा मला मिळाला होता.

"मी ऐकाले उनू व्हतू ताई," नाना म्हणाले. "कागदवर तसंच लिखेल शे."

त्या हसल्या. बाहेरून गाडीचा भोंगा वाजला. त्या गेल्या.

परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी तिकिटाच्या घड्या घातल्या. मग सांगितले. "नाना, तो शब्द मी खोडला."

"माले मालूम शे."

"तुम्ही तर चष्मा आणला नव्हता."

"तुना पेनना आवाज ऐकू येस ना. लिखताना येगळा, खोडताना येगळा."

"मग शनिवारीच, धुळे येण्याआधी, का नाही बोललात?"

नाना खिडकीबाहेर पाहत होते. "माले वाटनं, तू धुयाले सांगशी."

यानंतर त्यांनी थंडीने केळीचे कसे नुकसान होते यावर सविस्तर माहिती दिली. आवाजात राग नव्हता. माझ्या सव्वीस वर्षांच्या अनुभवात ज्याच्यावर अन्याय होतो तो बोलतो, ओरडतो, माझ्या टेबलावर मूठ आपटतो, आणि त्यावरून मी मजकूर बांधतो. इथे मजकूर बांधायला मला काहीच मिळाले नाही. नानांनी मला माफ केले की माझ्याकडून अपेक्षा सोडली, हे मला विचारता आलेले नाही. सोमवारच्या भजनात ते आले. त्या जागेला गज उचलला की नाही, हे मी मागे बसलो असल्याने दिसले नाही. पुढे बसायचे धाडस झाले नाही.

सबब या प्रकरणातील सामनेवाला प्रल्हाद तोताराम, म्हणजे प्रस्तुत अर्जदार स्वतः, यांचे निवेदन पूर्ण होत आहे. या निवेदनाची एक प्रत रेवतीताई व त्यांच्यासोबतचे समस्त चेलोवादक यांना रवाना करीत असून, त्यांच्या चरणी नम्र विनंती आहे की :

दगडूनाना सुतार यांच्या जळगाव येथील कागदावर जी रेघ आहे, ती त्यांच्या सांगण्यावरून ओढलेली नाही, असे नोंदवून घ्यावे. ते तीस वर्षांपासून वादक आहेत. याचा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त माझा हात होता, व त्यावरच्या खुणा आता गेल्या आहेत.

आपण पुन्हा जिथे कुठे जमाल, तिथे खुर्ची मांडताना त्यांचे नाव वाचावे. अंतराची अडचण नाही. पट्टी त्यांच्याकडे तयार आहे.

आणि नानांचा जो प्रश्न विचारायचा राहिला, त्याचे उत्तर कृपया लेखी कळवावे. त्या जागेवर आल्यावर गुडघा किती दाबावा, आधी दाबावा की स्वर लागल्यावर, आणि त्यांनी एवढी वर्षे एकट्याने वाजवले ते बरोबर की कसे. जे असेल ते स्पष्ट लिहावे. चूक असेल तरी लिहावे. त्यांना सोसेल.

उत्तर माझ्या नावे पाठवू नये, नानांच्या नावे पाठवावे. त्यांना बारीक अक्षर दिसत नसल्याने वाचून दाखवण्यास बहुधा मलाच बोलावतील. बोलावले, तर जसे लिहिले असेल तसे वाचीन.

आपला नम्र,
प्रल्हाद तोताराम